पाठ असलेला नंबर

प्रिय बटण,

आधी एक मागणं. हे सगळं वाचून होईपर्यंत फोन लावू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे. ‘आई’ आणि ‘हॉस्पिटल’ हे शब्द एका ओळीत दिसले की पुढचं न वाचता तू फोन लावशील, मग तू विचारत सुटशील, मी सारवासारव करीन आणि सांगायचं ते राहून जाईल. म्हणून मुख्य ते आधीच सांगून टाकते. आईच्या उजव्या स्तनात गाठ आहे. कॅन्सरची आहे. उपचार सुरू झाले आहेत. आज सकाळी ती नीट जेवली आणि मी डबा विसरून निघाले म्हणून दारातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला बोलली. म्हणजे या घटकेला तू धावत सुटावंस असं काही नाही. आता सावकाश वाच.

‘स्तन’ हा शब्द लिहायला मला वेळ लागला. वहीत (याच पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे) आधी ‘छाती’ लिहिलं, मग खोडलं, कारण त्या सभ्य शब्दापायी काय झालं ते मला आता माहीत आहे. आपलं दुकान असं की अर्ध्या वस्तीच्या बायकांचे ब्लाउज आईच्या इस्त्रीखालून गेले. कुणाची शिवण कुठे उसवते हे ती डोळे मिटून सांगेल. पण त्या कापडाच्या आत जे असतं त्याला आपल्या घरात नावच नव्हतं. गाठ तिला आंघोळ करताना हाताला लागली. केव्हा, ते ती अजून धड सांगत नाही. दुखत नव्हती, आणि तिच्या लेखी जे दुखत नाही तो आजार नव्हे. वर तिने कारणही शोधून ठेवलं होतं. जन्मभर उजव्या हाताने कोळशाची जड इस्त्री ओढली, तळहाताला घट्टा पडला तसा आतही पडला असेल. (तू घेऊन दिलेली विजेची इस्त्री अजून कपाटावर खोक्यात आहे. तिचा हलक्या इस्त्रीवर विश्वास नाही, आणि आमच्या विजेवर तर कुणाचाच नाही.)

पुढे कधीतरी ती चौकातल्या डॉक्टरकडे गेली. ती खोली तुला आठवत असेल. एक विटका पडदा, पडद्याच्या अलीकडे बाक, आणि बाकावर सगळी आपलीच गिऱ्हाइकं. डॉक्टरने विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, छातीत आहे काहीतरी. बाकावर कोण कोण बसलंय ते पाहून याच्या पुढे तिची जीभ रेटेना. त्याने बिचाऱ्याने हृदयाचा आलेख काढला. आलेख झकास आला. मावशी, घोड्याचं काळीज आहे तुमचं, असं तो म्हणाला, आणि आईने तो कागद सदऱ्याची घडी घालावी तसा घडी घालून घरी आणला आणि मला दाखवला. मी कौतुक केलं. मुळात काढला कशासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही. चांगली बातमी आली की माणूस तिला कारण विचारत नाही.

खरी खटपट केली ती आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी. त्यांचे पांढरे कोट आपल्याकडे यायचे. एकदा त्या कोट न्यायला आल्या तर आई डाव्या हाताने इस्त्री करत होती. त्यांनी का म्हणून विचारलं, आईने चेष्टेवारी नेलं, म्हणाली, उजव्याला रजा दिली आहे. नर्सबाई हसल्या नाहीत. आईला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, कडी लावली आणि हाताने तपासलं. केंद्रात बाई डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, तीही आली तर. फोटो काढायचं यंत्र आहे ते मोठ्या हॉस्पिटलात, दोन बस बदलून जायचं, आणि ते चालवणारा माणूस जागेवर असेलच असं नाही. पण सुई घालून तपासणी तिथे रोज करतात, तेवढी तरी करून याच, असं त्या निक्षून सांगून गेल्या. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा ‘गेला होता का’ हेच आधी, कोट मागून. आईला त्यांची इतकी भीड पडली की शेवटी ती गेली. एकटीच. मला म्हणाली, नव्या वखारीत कोळसा बघून येते. संध्याकाळी कोळसा न घेताच आली आणि दमलेली दिसली. मी रोज वही लिहिणारी बाई. त्या दिवसाबद्दल माझ्या वहीत आमच्या बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर बंद पडला, एवढंच आहे. तिने लपवलं, असं मी आधी लिहिलं होतं. मग मला वाटलं, विचारलेलं सांगितलं नाही तर ते लपवणं. मी विचारलंच नव्हतं.

तपासणी झाल्यावर खिडकीवरच्या बाईने सांगितलं, रिपोर्ट आला की फोन करू, नंबर सांगा. आईने नंबर सांगितला आणि ती बस पकडायला निघाली. मग ती वाट बघत राहिली, तिच्या पद्धतीने, म्हणजे शाळेच्या गणवेशांचे ढीग उपसत. फोन आला नाही. नर्सबाईंची बदली झाली, जाताना त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा आई पाणी भरायला गेली होती, आणि त्यांच्या जागेवर नवीन कुणी आलंच नाही. आईचा हिशेब सरळ होता. वाईट असतं तर कळवलं असतं. कळवलं नाही, म्हणजे काही नाही. पांढऱ्या सदऱ्यांचे दिवस संपले, लोकरीचे कोट यायला लागले.

आता थोडी मागे जाते, राग मानू नकोस. तुझा पहिला पगार आठवतो? तू दोन फोन घेतलेस, एक तुला, एक बटणांचा आईला. मी तेव्हा म्हटलं होतं की बटणाने बटणांचा फोन आणला, आणि लहानपणी सदऱ्याचं बटण गिळून तू सगळ्यांना कसं पळवलं होतंस ते आईने आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पुन्हा सांगितलं. तू इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर कोळशाने तुझा नंबर लिहिलास, हा एवढा मोठा. तिने तो पाठ केला तो इस्त्री फिरवत. दोन आकडे कॉलरला, दोन खांद्याला, दोन दोन बाह्यांना, राहिलेले पाठीवर. सदरा संपला की नंबर संपायचा. घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, हे पुसू का, तर म्हणाली, पूस, माझ्या हातात उतरलाय तो. मग तू तिकडे गेलास. नवा नंबर आला, लांबलचक, पुढे अधिकचं चिन्ह असलेला. तो मी माझ्या फोनमध्ये घातला आणि तुझा फोटो लावून दिला. रविवारी फोटोला बोट लावलं की तू दिसतोस. मग आकडे कुणी कशाला पाठ करायचे?

पण जुना नंबर तिच्या हातातून गेला नाही. तू गेल्यावर पहिल्यांदा तिने तो सवयीने लावला की मुद्दाम, ते मी विचारलेलं नाही. पलीकडे एक पंप दुरुस्त करणारा माणूस होता. कंपनीने तुझा सोडलेला नंबर त्याला दिला होता. तो वैतागला, म्हणाला, मावशी, रॉंग नंबर. आई म्हणाली, रॉंग कसा असेल, मला पाठ आहे. हे तो मला आता हसत सांगतो. तिने पुन्हा लावला. तो पुन्हा वैतागला. मग एकदा त्याच्या हातात पंप उघडलेला होता, फोन स्पीकरवर, आणि ती बोलत राहिली, सुती साडी वाळवताना किती ओली ठेवायची असं काहीतरी, आणि त्याला काम करताना ते बरं वाटलं. तेव्हापासून दुपारी, निखारे इस्त्रीत घालून ती तापेपर्यंतच्या वेळात, ती अधूनमधून त्याला फोन करायची. तो गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगायचा, ती तिच्या. मला हे काही माहीत नव्हतं, मी त्या वेळी कारखान्यात बर्फात. घरातली एक कोळशात आणि एक बर्फात, आणि मधल्या भिंतीला कान नाहीत. नंतर मी तिला विचारलं, परक्या माणसाशी कशाला गं? म्हणाली, पाठ केलेला नंबर वाया कशाला घालवायचा?

तुझ्या लक्षात आलं असेल. खिडकीवरच्या बाईला तिने तोच सांगितला. स्वतःचा तिला येत नाही, नंबर म्हटलं की तिच्या तोंडून तेवढा एकच निघतो.

हॉस्पिटलने फोन केला. एकदा नव्हे, बऱ्याचदा केला, ती बाई मला नंतर भेटली आणि ती खोटं बोलणारी वाटली नाही. तिने प्रत्येक वेळी आईचं कागदावरचं पूर्ण नाव घेतलं, आणि पंपवाल्याने प्रत्येक वेळी सांगितलं की असं कुणी इथे नाही. खरंच होतं. त्याच्यासाठी आई म्हणजे इस्त्रीवाल्या मावशी. तिला कागदावरच्या नावाने बाबांनंतर कुणी हाक मारलेली नाही, आपल्या गल्लीतही दहातल्या नऊ जणांना ते सांगता येणार नाही. आणि त्याच महिन्यांत आईने त्याला फोन करणं थांबवलं होतं. का, ते तिने मला सांगितलं तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागलं. म्हणाली, त्याला मी सगळं सांगते, बोलता बोलता हेही तोंडातून गेलं असतं.

शेवटी लोकरीच्या कोटांचा पहिला गठ्ठा आला त्या दिवशी तिने न राहवून फोन लावला. तो खूश झाला, इतके दिवस कुठे होता म्हणून रागावला, आणि मग आपली कटकट सांगू लागला, की एक हॉस्पिटल माझ्या मागे लागलंय, कुणा बाईचा रिपोर्ट न्या म्हणतात, नाव घेतात, माझी ओळख ना पाळख. आईने विचारलं, काय नाव घेतात? त्याने सांगितलं. तो म्हणतो, पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “ते माझंच नाव आहे,” आणि फोन बंद झाला.

त्याने परत परत लावला, तिने घेतला नाही. संध्याकाळी मी घरी आले तर टेबलावर तिचा फोन वाजत होता आणि ती शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. मी उचलला. एक अनोळखी माणूस, मागे पाण्याचा आवाज, आणि तो एकदम म्हणतो की तुमच्या आईचा हॉस्पिटलात रिपोर्ट पडलाय. मला वाटलं, फसवणारा असेल, असले फोन हल्ली फार येतात. मी त्याला बरंच सुनावलं. तो ऐकून घेत म्हणाला, “ताई, शिव्या नंतर द्या, आधी हॉस्पिटलचा नंबर लिहून घ्या.” मी मान वर केली तर आईने आपण होऊन कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली होती.

हॉस्पिटलातली डॉक्टरीणबाई तरुण आहे. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं वाटलं असतं. सुई घातली तेव्हा गाठ तेवढ्यापुरती होती, ती म्हणाली, तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर बरंचसं तिथेच मिटलं असतं. आता काखेत उतरली आहे. म्हणून आधी सलाईनमधून औषध, ठरावीक दिवसांच्या अंतराने, मग ऑपरेशन. सगळे डोस पूर्ण केले तर आशा चांगली आहे, असं तिने दोनदा सांगितलं, आणि ‘पूर्ण’ या शब्दावर माझ्याकडे पाहिलं.

घरी येताना बसमध्ये मी आईला विचारलं, माझा नंबर का नाही दिलास. मला ते विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. म्हणाली, “तुझा कशाला पाठ करू? तू घरीच असतेस.” यात टोमणा नव्हता, बटण. उलट माया होती. तेव्हापासून मी सारखी हेच उलटसुलट करून पाहते आहे. तू नंबर बदललास, परदेशी जाणारा प्रत्येक जण बदलतो. पंपवाला खरं तेच बोलला. खिडकीवरच्या बाईने लावायचे त्याहून जास्त फोन लावले. मी रोज संध्याकाळी तिच्या समोर बसून जेवले. कुणी वाईट वागलं असतं तर त्याच्यावर चिडून मोकळी झाले असते. कुणी सापडत नाही. नुसते ते महिने सापडतात, आणि ते परत येत नाहीत.

तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. नंबर बटणचा होता हे कळलं तर तो आयुष्यभर मनाला लावून घेईल, असं म्हणते. म्हणून रविवारी ती उजव्या खांद्यावरून शाल घेऊन बसते, डोक्याला रुमाल बांधते, आणि तू परवा म्हणालास, आई, तू तरुण दिसायला लागलीस. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हसत होती. म्हणाली, केस गेले की वय जातं हे माहीत असतं तर आधीच काढले असते.

आता मी शपथ का मोडते आहे ते. काल पंपवाल्याचा मला फोन आला. त्यांचे दुपारचे फोन पुन्हा सुरू झालेत, त्यात आईने त्याला सांगितलंय की येत्या गुरुवारचा डोस ती घेणार नाही, यापुढचा कुठलाच नाही. मला तिने यातलं अक्षर सांगितलं नाही, मला म्हणते, गुरुवारी लवकर निघू. कारण विचारशील तर एक सदरा. गेल्या डोसनंतर हाताला कंप सुटला होता, इस्त्री एका जागी टेकून राहिली आणि तिने एका गिऱ्हाइकाचा सदरा जाळला. जन्मात पहिल्यांदा. त्या माणसाने तक्रार केली नाही, उलट मावशी, जुनाच होता म्हणाला, आणि तेच तिला सोसलं नाही. सदरे जाळत जगायचं असेल तर नको, असं ती पंपवाल्याला म्हणाली. त्याने समजावून पाहिलं. मी समजावलं तर तिला कळेल की तो माझ्याशी बोलतो, आणि मग तेही दार बंद होईल. तो भला माणूस मला म्हणाला की तुमच्या भावाला सांगा, नंबर परत हवा असेल तर मी सोडतो, माझी गिऱ्हाइकं मला शोधत येतील. मी आडून आईला विचारलं, बटणचा जुना नंबर परत मिळाला तर? ती म्हणाली, “त्याला काय करायचाय? दुपारी तो उचलणार थोडाच.” कापूस ठेवावा इतक्या हलक्या आवाजात म्हणाली. म्हणून तो नंबर मी तुला घ्यायला सांगत नाही, तो त्याच्याकडेच राहू दे. मी वेगळंच मागते आहे. मागच्या खेपेला हॉस्पिटलच्या खिडकीवर मला पेशंटचा स्वतःचा नंबर विचारला आणि मला फोन उघडून बघावा लागला. आपल्या आईचा नंबर आपल्या दोघांपैकी कुणालाच येत नाही. मी तो आता पाठ केला आहे, इस्त्री करायला शिकले असते तर लवकर झाला असता. तुझ्या फोनमध्ये तो कुठेतरी असेल, पण त्यातून काढू नकोस, मी वेगळ्या पानावर मोठा लिहून पाठवते आहे तो हाताने दाब, दोन दोन आकडे करून. इथल्या दुपारी, निखारे तापायच्या वेळेला, म्हणजे तुझी सकाळची धावपळ असेल तेव्हा. या पत्राचं काही बोलू नकोस. नुसतं विचार, आज काय आलंय इस्त्रीला. पंपवाला सांगतो, तो कधी याहून जास्त काही विचारत नाही. सदऱ्याचं तिने काढलं तर ऐकून घे आणि तू लहानपणी काय काय जाळलंस ते तिला सांग, यादी मोठी आहे. गुरुवारच्या आत कर, आणि नंतरही करत राहा. तिच्या बटणांच्या फोनवर तुझं नाव उमटत नाही, नुसता लांबलचक नंबर दिसेल, आणि ती पहिल्यांदा रॉंग नंबर म्हणेल. ठेवू नकोस.

तुझीच,
ताई